दिव्याखालचा अंधार : टांगत्या दिव्यांचा एक घरगुती इतिहास

आमच्यापैकी एकाच्या घराचे बांधकाम गेल्या वर्षी अंबाजोगाईत चालू होते. स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी वायरमन सळयांच्या जाळीवर उभा राहून म्हणाला, "सर, हँगिंगचा पॉइंट कुठं काढायचा? आत्ताच सांगा. एकदा स्लॅब पडला की मग फोडाफोडी." प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. वर्गात 'दीप' ह्या प्रतिमेवर आम्ही तासच्या तास बोललो आहोत. 'दीपशिखा कालिदास' ही उपाधी कशी आली हे दरवर्षी न चुकता सांगितले आहे. परंतु प्रत्यक्ष घरात दिवा कुठे टांगावा, किती खाली सोडावा, तो कोणासाठी असावा, ह्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. आम्ही 'पंख्याचा हूक मध्यभागी ठेव आणि बाकी तुला योग्य वाटेल तसे कर' असे सांगून वेळ मारून नेली. त्या रात्री मात्र जुन्या घरांतले दिवे आठवू लागले, आणि आठवता आठवता असे ध्यानात आले की आपल्याकडे टांगत्या दिव्याला स्वतःचा एक इतिहास आहे. तो राजवाड्यांतल्या झुंबरांपुरता मर्यादित नाही. घरात उजेड कोणाच्या वाट्याला आला आणि अंधार कोणाच्या, ह्याचाही तो इतिहास आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे हा आमचा व्यावसायिक दोष समजावा. टांगत्या दिव्याला मराठीत जुना शब्द आहे लामणदिवा. ह्यातल्या 'लामण'चे नाते संस्कृत 'लंबन'शी, म्हणजे लोंबण्याशी. साखळीला टांगलेला, वर मोर, पोपट किंवा हत्ती बसवलेला हा पितळी दिवा गाभाऱ्यात असे, देवघरात असे, आणि लग्नात विहिणींच्या हाती असे. त्याच्या शेजारचे बाकीचे शब्द पाहिले की दिव्यांच्या वाटेने किती भाषा आपल्या घरात शिरल्या हे कळते. 'कंदील' अरबीतून आला. तो अरबीत गेला तो ग्रीकमार्गे लॅटिन 'कँडेला'पासून, म्हणजे इंग्रजी 'कँडल' आणि आपला कंदील हे दूरचे भाऊबंद ठरतात. 'फाणस' फारसीकडून आला. देवापुढची समईदेखील, जी आपल्याला अगदी सोवळ्यातली वाटते, तिचे नाते 'शमा' ह्या शब्दाशी सांगितले जाते. 'चिमणी' हे रॉकेलच्या लहानशा दिव्याचे नाव इंग्रजी 'चिमनी'वरून आले असले, तरी घरोघरच्या बायकांनी त्यात आपला पक्षी पाहिला असेल तर नवल नाही. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', 'घासलेट' म्हणजे 'गॅसलाइट'. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या बीड जिल्ह्यात हे अरबी-फारसी शब्द परके कधी वाटलेच नाहीत. देवघरातली समई आणि दर्ग्यातली शमा ह्यांच्यात भाषेने केव्हाच समेट घडवून आणला होता. माणसांना तो नेहमीच जमला असे नाही.

आता घराकडे वळू. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडे, त्यांवर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या नसल्यातच जमा. उजेड येई तो दारातून, चौकातून आणि माळवदातल्या झरोक्यातून. ह्या घराच्या तुळईला ठोकलेली लोखंडी कडी ही आमच्या इतिहासाची खरी नायिका आहे. ह्याच कडीला पाळणा बांधला जाई, शिंके टांगले जाई, ऐपतीच्या घरी झोपाळा असे आणि सणासुदीला दिवाही. म्हणजे कडी दिव्याची नव्हती, घराची होती. ज्याची त्या वेळी गरज जास्त, तो तिला लटके. पाळणा हलला की दिव्याला दुसरी जागा शोधावी लागे.

पण रोजचा दिवा टांगता नव्हताच. तो भिंतीतल्या देवळीत असे, कोनाड्यात असे, किंवा जमिनीवर. ह्याला कारणे दोन. पहिले कारण वारा. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला निर्वात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. आपण ती अध्यात्म म्हणून शिकवतो, पण तिच्या मुळाशी तेलवातीचा रोजचा अनुभव आहे. उघडी ज्योत झुळकेने विझते, म्हणून तिला तीन बाजूंनी आडोसा हवा. देवळी म्हणजे असा आडोसाच. गाभाऱ्यात वारा नाही, म्हणून तिथे लामणदिवा टांगता येतो. ओसरीवर तो टिकत नाही. दुसरे कारण बैठक. आपण जमिनीवर बसणारी माणसे. पाटावर बसून जेवणाऱ्याच्या ताटात उजेड पडायचा तर दिवा हातभर उंचीचाच हवा. समईची उंची आणि पंगतीतल्या माणसाच्या नजरेची उंची ह्यांचा हिशेब कोणीतरी फार पूर्वी करून ठेवला आहे. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम पुस्तकात न वाचताही आपल्या आज्या पाळत होत्या. तेल महाग होते. ते उंचावर जाळणे ही चैन होती. ती देवाला परवडे, सरदाराला परवडे.

ह्या चैनीचा कळस पाहायचा तर मराठी घराण्यांपैकी शिंद्यांच्या ग्वाल्हेरला जावे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून पूर्ण केलेल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत. एकेकाचे वजन सुमारे साडेतीन टन सांगतात. छत हे वजन पेलील की नाही हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतले हत्ती खरे असोत वा नसोत, तिच्यात एक खरी गोष्ट आहे : टांगायचा दिवा निवडण्याआधी छताची परीक्षा घ्यावी लागते. हत्ती आणि टांगता दिवा ह्यांचे नाते आपल्याकडे आणखी जुने आहे. मुंबईजवळच्या जोगेश्वरीच्या लेण्यात सापडलेला, साखळीला टांगायचा काशाचा हत्ती मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे छताने हत्तीला पेलले, इथे हत्तीने छताला तपासले. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातली बेल्जियन काचेची झुंबरे आमच्या आजोबांच्या पिढीच्या राजधानीतली होती. परंतु ती बीडच्या रयतेने पाहिली असण्याचा संभव कमी. रयतेच्या वाट्याला आली ती त्यांची नावे. 'हंड्या-झुंबरे' हा जोडशब्द ज्यांनी आयुष्यात झुंबर पाहिले नाही त्यांच्याही तोंडी होता.

असल्या सामान्य घरांतल्या दिव्यांकडे गंभीरपणे पाहणारा मराठी माणूस एक कवी होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हवाली केले. त्या संग्रहात दिव्यांचे दालनच आहे. भारतीय दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. तिथले टांगते दिवे पाहताना एक गोष्ट जाणवते. साखळीची प्रत्येक कडी, वरचा मोर, मधला गंडस्थळाचा गोलावा, ह्या सगळ्यावर कारागिराचा जीव जडलेला आहे. आणि तेलाची पणती मात्र अगदी खाली, साधी, उथळ. पणतीतली ज्योत वर जळते आणि तिच्या उजेडात उजळून निघतो तो वरचा मोर. खाली, दिव्याच्या बुडाखाली, काळोखच राहतो.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण नैतिक अर्थाने वापरतो. थोराच्या घरी दोष, विद्वानाच्या घरी अज्ञान, वगैरे. पण मुळात ही म्हण म्हणजे तेलाच्या दिव्याचे साधे तांत्रिक वर्णन आहे. ज्योतीखाली तेलाचे भांडे हवेच, आणि भांड्याची सावली खाली पडणारच. समई, पणती, चिमणी, कंदील, कोणीही ह्यातून सुटले नाही. म्हणून तेलाचा दिवा डोक्यावर टांगून त्याच्या बरोबर खाली काम करता येत नव्हते. त्याच्या बाजूला बसावे लागे. दिव्याच्या बाजूला जागा किती? दोघांची, तिघांची. बाकीच्यांनी अंधारात बसावे. ही जागा कोणाला मिळे, हा आमचा पुढचा प्रश्न आहे.

कंदिलाने ह्या प्रश्नाला थोडे वळण दिले. काचेमुळे वाऱ्याचे भय गेले आणि वरच्या कडीमुळे दिवा खुंटीला, तुळईला, बैलगाडीच्या दांडीला कुठेही टांगता येऊ लागला. लामणदिवा गाभाऱ्यातून निघून रयतेच्या ओसरीवर आला तो कंदिलाच्या रूपाने, असे म्हणायला हरकत नाही. ह्या कंदिलाच्या काचेत स्वदेशीचा एक मोठा अध्याय आहे. पैशापैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना काढला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काचकारखाना सुरू केला. त्या जागेला ओगलेवाडी हेच नाव पडले, आणि तिथला 'प्रभाकर' कंदील मराठी घरांत पोचला. प्रभाकर म्हणजे सूर्य. एका कंदिलाला सूर्याचे नाव द्यावे, ह्यात त्या काळाचा आत्मविश्वास दिसतो. पारतंत्र्यातल्या माणसांनी आपल्या अंधाराला आपलीच काच शोधली होती.

पण हा कंदील घरात कुठे टांगला जाई? आमच्या आठवणीतल्या घरांत तो ओसरीवर, ढाळजेत, पुरुषांच्या बैठकीत असे. पाहुणा आला की कंदील त्याच्यापाशी. शेतावर पाणी द्यायला जायचे की कंदील मालकाबरोबर. शाळेत जाणारा मुलगा असला तर दोन तास त्याच्यापुढे. स्वयंपाकघरात असे ती चिमणी, चुलीच्या बाजूच्या देवळीत, काजळीने देवळीची कमान काळी करणारी. चुलीचा जाळ हाच तिथला मुख्य दिवा. घरात सगळ्यांत अवघड काम, म्हणजे विस्तव, विळी आणि उकळते पाणी हाताळण्याचे काम, सगळ्यांत कमी उजेडात चाले. कालिदासाने इंदुमतीच्या स्वयंवरात तिला चालत्या दीपशिखेची उपमा दिली. ती ज्या राजाला ओलांडून पुढे जाई त्याचा चेहरा राजमार्गावरच्या घरासारखा काळवंडे. इंदुमती विदर्भाची, म्हणजे आपल्या बाजूची. उपमा वाचताना आम्ही नेहमी दीपशिखेकडे पाहत आलो. ओलांडल्या गेलेल्या घरांकडे पाहायचे राहून गेले. आमच्या वाड्यांतही कंदील असाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरे, आणि ज्या खोल्या तो ओलांडी त्या बहुतेक वेळा बायकांच्या असत.

टांगणे आणि धरणे ह्यांतला फरकही इथेच पाहून घ्यावा. दिवा टांगला की माणसाचा हात मोकळा होतो. टांगायला जागा नसेल तर कोणाला तरी तो धरून उभे राहावे लागते. जुन्या मिरवणुकांत दिवट्या धरणारे होते. पुढे जर्मनीत १९१० च्या सुमारास माक्स ग्रेट्झ ह्यांच्या कारखान्यात घडलेली पेट्रोमॅक्स आपल्याकडे 'गॅसबत्ती' होऊन आली. लग्नाच्या वरातीत ह्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या रांगा आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. अनेकदा त्या बायका असत, एखादीच्या कडेवर मूलही असे. बत्तीचा झगझगीत उजेड नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर पडे, बँडवाल्यांच्या पितळेवर पडे. डोक्यावर बत्ती घेतलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र बत्तीच्या बुडाची सावली. दिव्याखाली अंधार ह्या म्हणीचे इतके शब्दशः चित्र दुसरे नसेल. राजवाड्यात झुंबर पेलायला छत होते. गावाच्या रस्त्यावर छत नव्हते म्हणून माणसाचे डोके होते.

विजेच्या बल्बने तेलाच्या दिव्याची रचनाच उलटी केली. तेलाचे भांडे गेले, ज्योत खाली तोंड करून जळू लागली. इतिहासात प्रथमच दिव्याच्या बरोबर खाली सगळ्यांत जास्त उजेड पडू लागला. म्हण खोटी ठरली. बल्ब डोक्यावर लोंबकळत सोडणे हीच त्याची नैसर्गिक जागा. लाकडी पट्टीवरून आलेली वायर, छताला चिनी मातीचे गोल बसके, त्यातून सुटलेली दोरीसारखी पीळदार वायर, टोकाला होल्डर आणि चाळीसचा बल्ब : १९६० नंतर, म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि राज्य वीज मंडळ ह्यांच्या जन्मानंतर, गावोगाव ह्याच रूपात वीज आली. ऐपत असेल तर वर पांढऱ्या मुलाम्याची पत्र्याची छत्री. जर्मन अभ्यासक वोल्फगांग शिव्हेलबुश ह्यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात युरोपातल्या कृत्रिम उजेडाचा इतिहास लिहिला आहे. गॅस आणि वीज आल्यावर घर एका दूरच्या केंद्राला बांधले गेले आणि त्याची स्वायत्तता गेली, हे त्यांचे निरीक्षण आम्हांला मोलाचे वाटते. कंदिलात तेल घालणे आपल्या हाती होते. बल्ब पेटणे न पेटणे कोणा दुसऱ्याच्या हाती गेले.

हे वाक्य बीड जिल्ह्यात वाचले की त्याला वेगळीच धार येते. ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या परळी वैजनाथला १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. ३० मेगावॅटच्या संचांनी आरंभ झाला. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच चालू लागले, २००७ नंतर २५० मेगावॅटचे दोन आणखी आले. तेव्हाची ही क्षमता १,१३० मेगावॅटची होती. आणि त्याच वर्षांत, २००० नंतरच्या दशकात, आमच्या खेड्यांतून दिवसाचे कित्येक तास भारनियमन चाले. परीक्षेच्या दिवसांत मुले पुन्हा कंदिलाच्या बाजूला बसत. परळीच्या चिमण्यांचा धूर दिसणाऱ्या गावांत घरातली चिमणी पेटे. शब्दाचा हा खेळ आम्ही केलेला नाही, तो परिस्थितीने केला. न्यायाने बोलायचे तर परळीत निर्माण होणारी वीज परळीचीच असते असे नव्हे. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि तिथून वाटली जाते, तसेच असायला हवे. पण वीज राज्याची असली तरी राख परळीचीच राहिली, आणि पाणीही इथल्याच खोऱ्याचे गेले. २०१३ च्या दुष्काळात फेब्रुवारीमध्ये पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. दिवा बदलला, तेलाच्या जागी कोळसा आणि पाणी आले, आणि बुडाखालची सावली भांड्यापुरती न राहता जिल्ह्याएवढी झाली. म्हण खोटी ठरली असे आम्ही वर म्हणालो, ते विधान मागे घेणे भाग आहे.

'आकडा' ह्या शब्दाचे ह्याच काळात झालेले अर्थांतर भाषेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. आकडा म्हणजे काही अडकवायचे, टांगायचे वाकडे लोखंड. विजेच्या तारेवर वायरचे वाकवलेले टोक टाकून चोरून वीज घेणे म्हणजे 'आकडा टाकणे'. वरच्या कडीला दिवा टांगणारा आकडा आणि तारेला आपले घर टांगणारा आकडा, एकच शब्द. चोरीचे समर्थन आम्ही करीत नाही, आणि त्या आकड्याने जीव गमावलेली माणसेही आम्हांला ठाऊक आहेत. पण ज्या वस्त्यांवरून तारा गेल्या आणि आत आल्या नाहीत, त्या वस्त्या आम्हांला कालिदासाच्या राजमार्गावरच्या घरांसारख्या वाटतात : दीपशिखेने ओलांडलेल्या.

दरम्यान घराचे छतही बदलत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ज्या मातीच्या थराने उन्हाळ्यात गारवा दिला, त्याच थराचे आता भय वाटू लागले. आधीच सुरू झालेली माळवदाची मोड त्यानंतर वेगाने झाली. पत्रे आले, पुढे ऐपतीप्रमाणे स्लॅब आले. तुळई गेली, तिच्याबरोबर कडीही गेली. स्लॅबच्या मध्यभागी आता एकच हूक उरला आणि तो पंख्याने बळकावला. आमच्याकडचा उन्हाळा पाहता ह्यात पंख्याचा काही दोष नाही. पण परिणाम असा झाला की दिव्याला छताच्या मध्यातून बाहेर पडावे लागले. पात्यांच्या वर दिवा ठेवला तर सगळी खोली फडफडत राहते, खाली सोडता येत नाही. म्हणून ट्यूबलाइट भिंतीवर गेली. मराठी मध्यमवर्गाच्या घरातून टांगता दिवा नाहीसा झाला त्याचे कारण अभिरुचीत शोधण्याआधी पंख्यात शोधावे, असे आमचे मत आहे.

एक टांगता दिवा मात्र ह्या सगळ्यातून तगला, तो म्हणजे आकाशकंदील. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावण्याची प्रथा जुनी. कामट्या आणि पतंगी कागदाचा कंदील हे तिचे घरगुती रूप. त्याची जागा कशी निवडतात हे पाहण्यासारखे आहे. तो आपल्या ताटात, पुस्तकात किंवा चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून टांगत नाहीत. तो घराबाहेर, दुरून दिसेल असा टांगतात. घरातला हा एकच दिवा असा, की ज्याचा उजेड वाटेवरच्या माणसासाठी असतो. आमच्या जिल्ह्यात मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. गावातल्या त्यांच्या दाराला कुलूप असते, आणि तिकडे फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत उघडा दिवा ठेवायचीही धास्ती, कारण सारे छतच जळाऊ. जयविलासच्या छताने हत्ती पेलले म्हणतात. कोपीच्या छताला एक चिमणीसुद्धा पेलत नाही. आता तिथे चार्जिंगची बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड दोरीला बांधलेला दिसतो, एवढाच बदल.

हे सगळे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला टांगता दिवा आज नव्या घरांत परत येतो आहे. एलईडी आली, २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेने ती स्वस्त होऊन घरोघर पोचली. नऊ वॅटमध्ये साठच्या बल्बएवढा उजेड मिळू लागला. पीओपीच्या खोट्या छतातून तीन काचेचे थेंब जेवणाच्या टेबलावर लोंबतात. त्याला 'हँगिंग' म्हणतात. लामणदिवा म्हटले तर दुकानदार देवाच्या वस्तूंचे दुकान दाखवतो. हे टेबलावरचे दिवे युरोपातल्या टेबलाबरोबर आले आहेत, आणि तिथे त्यांच्यामागे पुष्कळ विचार आहे. डेन्मार्कचे पोल हेनिंगसेन हे दिव्यांचे विख्यात रचनाकार. १९२० च्या दशकात त्यांनी एकावर एक छत्र्या बसवून असा दिवा केला की बल्ब कोणाच्याच डोळ्यांत खुपू नये. १९५८ मधला त्यांचा टांगता दिवा आजही तयार होतो. हेच गृहस्थ टीकाकार, गीतकार आणि एका समीक्षात्मक नियतकालिकाचे संपादक होते, हे आमच्या वाचकांना आवडावे. उलट जपानचे कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी ह्यांनी १९३३ मध्ये सावलीच्या स्तुतिपर निबंध लिहून विजेच्या भगभगाटाविषयी खेद व्यक्त केला. त्या निबंधाचा आरंभ घर बांधताना तारा कुठे लपवाव्यात ह्या विवंचनेने होतो. आम्हांला तो निबंध फार प्रिय आहे. पण अंधाराची स्तुती करायला आधी बटण आपल्या हाती असावे लागते. ज्याच्या घरी अंधार लादलेला आहे, त्याला सावलीचे सौंदर्य सांगायला आमची जीभ वळत नाही.

तर, पॉइंट कुठे काढायचा? त्या रात्री घरातल्या आईंना विचारले. सत्तरी ओलांडलेल्या, चिमणीच्या उजेडात पन्नास वर्षांपूर्वी भाकऱ्या थापलेल्या. त्या म्हणाल्या, "टेबलावर कशाला? ताटातलं तर दिसतंय की. आपल्या ओट्यापाशी लाव. ट्यूब पाठीमागं हाय, माझीच सावली माझ्या हातावर पडती. तीस वर्षं झाली, कुणी इचारलं न्हाई."

आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. भाड्याच्या त्या घरात, जिथे वीज होती, ट्यूब होती, जिथे बसून आम्ही प्रकाशप्रतिमांवर निबंध तपासले होते, तिथे एक बाई तीस वर्षे स्वतःच्या सावलीत भाजी चिरत होती. दिवा तेलाचा नव्हता, त्याच्या बुडाला भांडे नव्हते. तरी अंधार होताच. तो दिव्याच्या रचनेत नव्हता, दिव्याची जागा ठरवताना कोणाला विचारले गेले ह्यात होता.

सकाळी स्लॅबची गाडी यायच्या आधी वायरमनला स्वयंपाकघरात नेले. आई ओट्याच्या जागी, विटांच्या अर्धवट भिंतीपुढे, भाजी चिरण्याच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातांच्या बरोबर वर, थोडे पुढे, छताच्या पाट्यांवर खडूने एक फुली मारली गेली. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर राहील इतका खाली सोडायचा, बल्ब दिसू नये म्हणून खोल छत्रीचा घ्यायचा, आणि छत्री अशी हवी की वाफ-तेलाची चिकटण फडक्याने पुसता यावी. एवढे तीन निकष ठरले. ते तिन्ही आईंनीच सांगितले. वायरमनने पाइप वाकवून फुलीपाशी आणला, आणि दुपारपर्यंत त्यावर काँक्रीट पडले.